दाराची मूठ

ही किल्ली औषधांच्या कपाटाची, गेथिन,
ही मागच्या दाराची,
आणि ही कशाची ते मलाही आठवत नाही.
छत्तीस वर्षं जुडग्यात आहे, राहू दे.

खिडकीतून दिसतो तो डोंगर नव्हे,
पाटीच्या दगडाचा टाकाऊ ढीग.
इथल्या पुरुषांनी डोंगर फोडून
वेल्सबाहेरच्या कितीतरी गावांची छपरं शाकारली
आणि उरलेली भुकटी छातीत साठवली.
मी आले तेव्हा खाण केव्हाच बंद पडली होती,
खोकला मात्र कामावर होता.

ब्रिनमोरची छाती ऐकताना वाटायचं,
आत कुणीतरी ओल्या पाटीवर पेन्सिल घासतंय.
दुखणं अंगावर काढणारी माणसं.
कसं काय विचारलं की "तक्रार नाही" म्हणायची
आणि निळ्या ओठांनी हवेबद्दल बोलायची.

पहिली दोन वर्षं मी "ती मुलगी" होते.
मग एका बर्फाच्या रात्री, नेस्ताच्या स्वयंपाकघरात,
पिठाची परात बाजूला सारून
टेबलावर एक बाळ सोडवलं, पायाळू.
ते आता बस चालवतं.
मला तिकीट काढू देत नाही.

तुला यंत्र देणार आहेत, पाहिलं मी.
ऐकतं, टिपून घेतं, निदानं सुचवतं.
म्हातारीने नाक मुरडावं अशी सगळ्यांची अपेक्षा आहे.
नाही मुरडणार.
ते असतं, तर इद्रिसच्या पाठीवरचा तीळ
त्याने वेळेत ओळखला असता.
मी ती पाठ तीन वेळा ठोकून ऐकली होती.
तीन वेळा.
माझ्या हाताला गुण आहे म्हणायचे लोक,
डोळ्यांबद्दल कुणी काही म्हटलं नाही.
त्याच्या बायकोनेही नाही.
ती नाताळाला अजून केक पाठवते.
मी तो उभ्याने खाते.

तेव्हा यंत्र घे. दोन देत असतील तर दोन घे.
फक्त त्याने वाचवलेली मिनिटं
कुणाच्या खिशात जातात, ते दर महिन्याला विचारत जा.
बैठकीत. मोठ्याने.

आणि हो, ही मूठ.
अडकते. मी आले तेव्हापासून.
पहिल्याच वर्षी सुतार बोलावला होता.
तो यायच्या आधी एमलिन आला, गुडघा दाखवला, उठला,
मूठ फिरवायला गेला, ती फिरेना,
आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला,
"बंदूक भावाकडे ठेवायला दिलीय, डॉक्टर.
बरं केलं ना?"

सुताराला मी चहा पाजला आणि परत पाठवलं.

सर्दी, कान, गुडघे
हे खुर्चीत बसून सांगायचे आजार.
गाठ, दारू, नको असलेले दिवस,
नवऱ्याचा हात,
हे सगळं मला सांगितलं गेलं
या लाकडाकडे तोंड करून.
वैद्यकाच्या कुठल्याच पुस्तकात
माणसाच्या पाठीचं असं बोलणं मला सापडलं नाही.

सोमवारी कामगार येतील.
आपोआप सरकणारं दार बसवतील, काचेचं.
अर्जावर सही माझीच आहे.
मागल्या हिवाळ्यात तेगिदची चाकाची खुर्ची
या चौकटीत अडकली,
आणि ती मुलगी रडायच्या ऐवजी माझी माफी मागत होती.
दार रुंदच हवं.

मग तुला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.
रोग्याचा हात सोडलास, यंत्र बंद झालं,
की लगेच उठू नकोस.
बुटाची नाडी सोड, परत बांध.
सावकाश, मान खाली घालून.
तीही नाडीच.

निघालास? नीघ, अंधार लवकर पडतो इथे.
ओढ जरा. तशी नाही, उलटी.
अं हं.

राहू दे, मला घाई नाही.
बोल.